तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द
१९८७ साली मॅकिंटॉशवर बिल अ‍ॅटकिन्सनचं हायपरकार्ड हे सॉफ्टवेअर आलं आणि त्याच्यासोबत डॅन विंकलरने घडवलेली हायपरटॉक ही भाषा. तिच्यात मजकुराचा तुकडा हवा तर सुरुवातीपासून अक्षरं मोजत बसायचं नाही. सरळ लिहायचं, ‘वर्ड २ ऑफ लाइन ३ ऑफ फील्ड १’. मोजणीही शून्यापासून नव्हे, चारचौघांसारखी एकापासून. (मराठी मात्र उलट्या बाजूने, मोठ्याकडून लहानाकडे येते: तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द.) मला खरं कौतुक वाटतं ते याचं, की ज्या वर्णनाने तुकडा वाचायचा, त्याच वर्णनाने तो पुसता येतो, त्याच्या जागी दुसरा ठेवता येतो. घोळ होतो तो ‘शब्द’ म्हणजे काय, इथे. हायपरटॉक मोकळ्या जागेवर तोडते, म्हणून स्वल्पविराम शब्दाच्या शेपटीला लटकून येतो. १९९३च्या अ‍ॅपलस्क्रिप्ट या भाषेत मात्र तो गळून पडतो. शिवाय हे सगळं इंग्रजीसारखं दिसतं म्हणून माणूस बिनधास्त आपल्या मनातलं इंग्रजी लिहू लागतो, आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की यंत्र हटून बसतं.