देवाच्या पंगतीला कोण चालते?

व्हेनिसच्या अकादेमिया कलासंग्रहालयात सुमारे साडेपाच मीटर उंच आणि जवळपास १३ मीटर रुंद असे एक चित्र आहे. पाओलो व्हेरोनेझे या पाथरवटाच्या मुलाने ते १५७३ साली पूर्ण केले. भव्य कमानी, भरजरी वस्त्रे, मधोमध येशू. पाहणारा दिपून जातो आणि पुढच्या दालनाकडे वळतो. पण या चित्रावर खटला चालला होता हे कळले, की तेच चित्र वेगळे दिसू लागते.

मुळात हे येशूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र. एका डॉमिनिकन मठाच्या भोजनगृहासाठी काढलेले. तिथले टिशियनचे जुने चित्र १५७१ च्या आगीत नष्ट झाले होते. १८ जुलै १५७३ रोजी व्हेरोनेझेला धर्मन्यायालयापुढे उभे केले गेले. आक्षेप कोणावर होता? नाकातून रक्त येणारा नोकर, पोपट घेतलेला विदूषक, जिन्यावर दारू पिणारे जर्मन शिपाई, बुटके यांच्यावर. असली माणसे पवित्र भोजनाच्या जागी कशाला? त्यात जर्मनी म्हणजे ल्यूथरच्या बंडाचा देश. शिपाई जास्तच खुपले.

तीन महिन्यांत स्वखर्चाने चित्र दुरुस्त करा, असा हुकूम झाला. माणसे मात्र पुसली गेली नाहीत. बदलले ते नाव. लेवीने प्रभूला मोठी मेजवानी दिली, असे लॅटिनमध्ये चित्रावर लिहिले गेले. सोबत लूकच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाचा हवाला.

हा हवाला मोठा बोलका आहे. लेवी जकातदार, म्हणजे समाजाने तुच्छ मानलेला माणूस. त्याच्या घरच्या पंगतीवरून परुशांनी जाब विचारला होता, की जकातदार आणि पापी यांच्याबरोबर तुम्ही का जेवता? पंगत शुद्ध करायला निघालेले न्यायाधीश नेमके त्याच परुशांच्या रांगेत जाऊन बसले!

तरीही व्हेरोनेझेला बंडखोर ठरवण्याची घाई नको. चित्रात जागा उरली की आपण ती आकृत्यांनी सजवतो, असे त्यानेच न्यायालयात सांगितले. कवी आणि वेडे घेतात ती मोकळीक चित्रकारही घेतात, हा त्याचा बचाव. तो आपल्या कलेच्या हक्कासाठी बोलला. बुटके आणि कृष्णवर्णीय सेवक यांच्या हक्कासाठी कोणीच बोलले नाही. ते चित्रात राहिले, पण शोभेपुरते. मेजाभोवती उभे राहून राबणारे राबतच राहिले. चित्रात जागा मिळणे आणि पंगतीत जागा मिळणे, या दोन गोष्टी एक नाहीत.

म्हणून अशा चित्रापुढे हात जोडण्याची गरज नाही, तशी पाठ फिरवण्याचीही नाही. मधल्या मेजाकडे पाहून झाल्यावर जिन्याकडे पाहावे. तिथे कोण उभे आहे, त्याला कोणी तिथे आणले आणि कोण हटवू पाहत होते, हे विचारावे. व्हेरोनेझेच्या जबानीची नोंद आजही वाचायला मिळते. कोणत्याही संग्रहालयाने चित्राच्या लांबी-रुंदीइतकेच महत्त्व अशा नोंदीला दिले पाहिजे.