दांडीचे बूट

गेल्या आठवड्यात एका शासकीय रुग्णालयाच्या प्लास्टरच्या खोलीत तासभर बसण्याचा योग आला. तीन आठवड्यांचे एक अर्भक आईच्या मांडीवर अंगावर पीत होते, आणि त्याचे उजवे पाऊल, जन्मतःच टाच वर ओढलेले व तळवा आत वळलेले, तरुण अस्थिशल्यज्ञ इतक्या सावकाशीने बाहेर वळवीत होते की बाळाचे पिणे क्षणभरही खंडित झाले नाही. घोट्यापुढच्या हाडाच्या उंचवट्यावर त्यांचा अंगठा टेकलेला होता, टाचेला मात्र त्यांनी हात लावला नाही, पाऊल जेवढे आले तेवढ्यावर समाधान मानून त्यांनी कापूस व ओले प्लास्टर थेट मांडीपर्यंत चढविले, इवली बोटे तेवढी उघडी ठेवली, आणि आईला बजावले, "बोटं सुजली किंवा निळी पडली, तर पुढच्या आठवड्याची वाट पाहायची नाही."

बाहेर आल्यावर त्या माउलीने हलक्या आवाजात विचारले, "ग्रहणात मी विळीवर बसले होते, म्हणून झालं का हो?" हजार अर्भकांमागे सुमारे एकास होणारा, मुलींपेक्षा मुलांत दुपटीने आढळणारा व निम्म्या बाळांत दोन्ही पायांस असणारा हा विकार गर्भावस्थेतच घडतो, आणि त्यात ग्रहणाचा, विळीचा किंवा आईच्या कोणत्याही कसुरीचा तिळमात्र संबंध नाही. बाळंतिणीला असा दोष देणे हा निव्वळ अन्याय आहे.

मी पाहिलेली रीत इग्नासिओ पोन्सेटी यांची. १९१४ साली मिनोर्का बेटावर जन्मलेले, स्पेनच्या यादवीत जखमींची सेवा करून पराभवानंतर परागंदा झालेले, आणि मेक्सिकोमार्गे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात स्थिरावलेले हे वैद्य शस्त्रक्रियेने सरळ केलेली पावले पुढे ताठर व वेदनामय होतात हे पाहून अस्वस्थ झाले, आणि अर्भकाचे स्नायुबंध मऊ असतात तोवर हलक्या हाताने, दर आठवड्यास नवे प्लास्टर घालीत, पाऊल वळविण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली. १९६३ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तरी शल्यविद्येच्या दिमाखापुढे या साध्या उपायाला जगन्मान्यता मिळण्यास आणखी तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. साधारण पाच-सहा प्लास्टरे, बहुतेक बाळांना टाचेमागची शीर सैल करणारा एक छोटासा छेद, त्यानंतर तीन आठवड्यांचे अखेरचे प्लास्टर, आणि पाऊल सरळ दिसू लागते.

खरी कसोटी येथून पुढे आहे. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, व नंतर वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रात्री व झोपेच्या वेळी घालावे लागतात. आणि पाऊल पुन्हा वळते ते बहुतांशी या बुटांची हयगय झाल्यामुळेच. पाय तर नीट झाला, मग लेकराला जखडून कशाला ठेवायचे, अशा मायेपोटीच आजीचा हात बुटांच्या पट्ट्यांकडे जातो. शिवाय तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी दर खेपेस जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे, ही समाधानाची बाब खरी. परंतु आईबापांच्या प्रवासखर्चाची व बुडीत रोजाची तजवीज झाल्याखेरीज उपचार मोफत आहे असे म्हणणे मला अर्धसत्य वाटते, आणि ती तरतूद सरकारने विनाविलंब करावी.

घरातील वडीलधाऱ्यांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे. नव्या बुटांनी बाळ पहिल्या काही रात्री रडेल. त्याला उचलून घ्या, थोपटा, दांडी धरून त्याचे दोन्ही पाय एकदम हलवायला शिकवा. कातडी सोलवटली किंवा टाच बुटात बसेना, तर दवाखाना गाठा. पण आपल्या मनाने बूट काढून ठेवू नका.