गुंठा म्हणजे आर नव्हे

१/ 'एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजेच एक आर' हे समीकरण नवी मुंबईत चहाच्या टपरीपासून जमिनीच्या सौद्यापर्यंत सर्वत्र ऐकू येते. ते चुकीचे आहे. चूक दिसते लहान, परंतु तिच्या पोटी जमिनीचा हक्क दडलेला आहे. हा धागा त्या चुकीविरुद्ध.

२/ प्रथम आकडे.
गुंठा = ३३ × ३३ फूट = १,०८९ चौ. फूट = १०१.१७ चौ. मी.
आर = १० × १० मीटर = १०० चौ. मी. = सुमारे १,०७६ चौ. फूट.
'एवढ्याने काय होते?' असे म्हणणाऱ्यांनी एक एकर घ्यावा. ४० गुंठे म्हणजे ४,०४६.८६ चौ. मी.; ४० आर म्हणजे ४,००० चौ. मी. तफावत ४६.८६ चौ. मी., अर्थात सुमारे ५०४ चौ. फूट. नवी मुंबईत तेवढ्या जागेत एक कुटुंब आयुष्यभराचा संसार थाटते.

३/ हा ३३ फुटांचा आकडा आला कोठून? सतराव्या शतकात एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची मोजणीची साखळी रूढ केली. तिची निम्मी ती ३३ फुटांची. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापुरापासून मुंबई इलाख्याच्या नव्या मोजणी-आकारणीची घडी बसवली. याच मोजणीपरंपरेत ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे आणि ४० गुंठ्यांचा एकर आपल्या अंगवळणी पडला.

४/ म्हणून 'गुंठा हेच आमचे अस्सल प्राचीन माप' हा अभिमानही पोकळ आहे. शब्द देशी, आजचे त्याचे मोजमाप मात्र इंग्रजी साखळीचे. शिवकालीन जमीनमोजणी पाहावयाची तर पाच हात पाच मुठींची काठी पाहावी लागते. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर.

५/ त्या बिघ्याचे दशांश चिन्हापर्यंत चौरस फूट सांगणारी चित्रे समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांना एकच प्रश्न विचारावा: हात किती इंचांचा धरला? काठी पाच टक्क्यांनी लांब धरली की क्षेत्रफळ दहा टक्क्यांहून अधिक वाढते. गृहीतक लपवून दिलेला काटेकोर आकडा हा इतिहास नव्हे. तो केवळ आत्मविश्वास होय.

६/ रूपांतरात काहीतरी गळते, याचा अनुभव साऱ्या देशाने १ एप्रिल १९५७ रोजी घेतला. त्या दिवशी नवा पैसा आला. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. एक आणा म्हणजे ६.२५ पैसे, व्यवहारात धरले सहा. योगायोग असा की कूळकायद्यातील 'कृषक दिन' हाच. ज्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने मालक ठरला, त्याच दिवशी त्याच्या खिशातील आण्याला पाव पैशाची गळती लागली. सोन्याचेही तेच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या पेढीवरचा १० ग्रॅमचा. आजीचे जुने पाच तोळे आणि नातीचे आजचे पाच तोळे यांत आठ ग्रॅमांहून अधिक अंतर आहे.

७/ आता आपल्या शहराकडे येऊ. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील आगरी-कोळी गावांच्या भातशेतीवर व मिठागरांवर नवे शहर उभे राहिले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के योजनेमागे हे रक्त आहे.

८/ ती योजना मापांतून वाचा. एक एकर गेला: ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के: ५ गुंठे. सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के वजा: उरले साडेतीन गुंठे, म्हणजे ३५४.१० चौ. मी. अशा भूखंडांसाठी परिचित असलेला १.५ चटई क्षेत्र निर्देशांक धरला तर बांधकाम ५३१.१५ चौ. मी., सुमारे ५,७१७ चौ. फूट. शेतकरी एकरात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये, बांधकाम व्यावसायिक चौरस फुटांत. तीन भाषा, जमीन एकच.

९/ आरंभीच 'गुंठा म्हणजे आर' धरले तर हेच बांधकाम ५२५ चौ. मी. भरते. साधारण ६६ चौ. फूट नाहीसे! एका लहान स्वयंपाकघराएवढी ही जागा कोणी बळकावली नाही. ती तोंडी हिशेबात विरघळली.

१०/ आक्षेप येईल: 'रोजच्या व्यवहारात ढोबळ हिशेब चालतोच.' वाशीच्या बाजारात भाजी घेताना अवश्य चालावा. तेथील तोटा दुसऱ्या दिवशी भरून निघतो. जमीन एकदाच वाटली जाते आणि एकदाच विकली जाते. ढोबळपणाचा लाभ नेहमी त्याला होतो, ज्याच्याजवळ गणनयंत्र आणि सल्लागार असतात. माप बदलताना जो गप्प बसतो, त्याचेच काही गळते.

११/ दोष मेट्रिक पद्धतीचा नाही, सातबाऱ्याचाही नाही. पूर्ण एकराचे क्षेत्र तेथे ०.४०.४७ असेच उमटते: शून्य हेक्टर, चाळीस आर, सत्तेचाळीस चौरस मीटर. कागद खरे बोलतो. आपण 'चाळीस आर' एवढेच वाचतो आणि मागचे ४७ गिळून टाकतो.

१२/ म्हणून आग्रह एवढाच. जमिनीच्या प्रत्येक बोलणीत, वाटणीत आणि इतिहासावरील प्रत्येक लेखनात मूळ माप प्रथम लिहा, रूपांतर त्याच्या शेजारी लिहा आणि कोणत्या गुणकाने केले तेही लिहा. आज घरातील सातबारा काढा आणि वडीलधाऱ्यांसमोर क्षेत्राचा तिसरा आकडा मोठ्याने वाचा. आपल्या गावाचा इतिहास तेथेही लिहिलेला आहे.

#इतिहास #नवीमुंबई #मराठी