प्री-वेडिंग शूट : पोशाख कोणाचा, पैसा कोणाचा, चेहरा कोणाचा?

गेल्या लग्नसराईत आम्ही वस्तीतल्या एका साक्षगंधाला गेलो होतो. स्टेजच्या मागे भला मोठा एलईडी पडदा लावलेला. बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले, आणि मग पडद्यावर नियोजित वधू-वरांचे शूटिंग सुरू झाले. मुलगा डोक्यावर पगडी, अंगात अंगरखा, कमरेला तलवार लावून घोड्यावर. मुलगी नऊवारीत, नाकात मोठी नथ, हातात दिवा घेऊन त्याची वाट बघणारी. मागे स्टुडिओत उभारलेला लाकडी वाडा. वर ठळक अक्षरांत लिहिले होते : पेशवाई थीम. मंडपात टाळ्या पडल्या. आमचे हात काही उचलले गेले नाहीत. त्या पडद्याच्या अगदी खाली बाबासाहेबांची तसबीर होती, आणि हाच मुलगा दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो.

चार दिवसांनी आम्ही त्याला विचारले, बाबा रे, हे काय? तो खजील झाला नाही, चिडलाही नाही. सरळ म्हणाला, "भाऊ, पॅकेजमध्ये तीनच थीम होत्या. समुद्र, पिक्चर आणि पेशवाई. समुद्र लांब पडत होता."

या उत्तरावर हसून पुढे जाता आले असते. पण त्यात आजच्या आपल्या समाजाची एक दुखरी नस आहे. ज्या राजवटीत आमच्या पूर्वजांना पुण्यात गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये नोंदवून ठेवले, त्या राजवटीचा पोशाख आमचा शिकलेला मुलगा भाड्याने घालतो आणि त्याला काही टोचत नाही. इतिहास त्याला माहीत नाही असे नाही. पण तो इतिहास १ जानेवारीच्या कप्प्यात, आणि लग्न दुसऱ्या कप्प्यात. हे दोन कप्पे वेगळे कोणी केले?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आमचे म्हणणे भलत्याच लोकांच्या पदरात पडेल. प्री-वेडिंग शूटवर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. बंदीचे ठराव करणारे दुसरे आहेत. २०१९ साली भोपाळमध्ये काही समाजसंघटनांनी असे फतवे काढले होते. आपल्याकडेही जातीजातींच्या बैठकांत अधूनमधून तीच हाक ऐकू येते. त्यांचे दुखणे खर्चाचे कमी आणि मुलगी लग्नाआधी मुलासोबत हिंडते याचे जास्त. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, आणि तो टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांनी बाईला बांधले गेले. म्हणून 'संस्कृती बुडाली' अशी ओरड जेव्हा मुलीच्या हिंडण्यावरून होते, तेव्हा त्या ओरडीत आपला आवाज मिसळायचा नाही. मुलगा-मुलगी लग्नाआधी भेटतात, बोलतात, हसतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

आणि नटण्याची, फोटो काढण्याची हौस? तिलाही आम्ही नाक मुरडत नाही. आमच्या आजी-आजोबांच्या लग्नाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आजी कशी दिसत होती, हे आम्ही फक्त ऐकले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृतीचे दहन झाल्यावर, बाबासाहेब आपल्या बायांशी लुगडे कसे नेसावे, कथलाचे ढीगभर दागिने का टाकावेत, यावर बोलले होते. एवढा मोठा लढा चालू असताना कपड्यांवर बोलायला त्यांना वेळ मिळाला, कारण अंगावरच्या कपड्यावर जात लिहिली होती. आजही ते संपलेले नाही. उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी २०१८ साली एका दलित नवरदेवाची वरात पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. ज्यांना दिमाखात दिसणेच नाकारले गेले, त्यांच्या पोरांनी कॅमेऱ्यापुढे ताठ उभे राहावे. जरूर राहावे. प्रश्न एवढाच की उभे राहताना ते स्वतः म्हणून उभे राहतात की दुसऱ्याच्या वेषात?

पहिला प्रश्न पोशाखाचा. नऊवारीशी आमचे भांडण नाही. नऊवारी आमच्या आजीचीही होती. गुडघ्यापर्यंत खोचून ती पऱ्हाटीत कापूस वेचायची, त्याच लुगड्याच्या ओटीत भाकर बांधून आणायची. थीमच्या दुकानात ती आजी कुठे आहे? तिथे फक्त वाड्यात दिवा धरून बसलेली सरदाराची बायको आहे. बाजार तुम्हाला पोशाख भाड्याने देत नाही, तो पूर्वज भाड्याने देतो. आणि मुलीला जे काम देतो तेही बघा : वाट बघणे, लाजणे, त्याच्या खांद्यावर मान टाकणे. घोडा त्याचा, तलवार त्याची, बुलेट त्याची. २० जुलै १९४२ ला नागपुरात महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितले होते की लग्न करणाऱ्या प्रत्येक मुलीने नवऱ्याच्या बाजूला उभे राहावे, त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नाही. हे याच नागपुरात सांगितले होते. त्या भाषणाला ८० वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि आमची बी.एस्सी. झालेली मुलगी पडद्यावर दिवा धरून बसली आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. या साक्षगंधातले शूटिंग कोणाच्या खिशातून झाले? आमच्याकडची रीत अशी की साक्षगंध मुलीच्या दारी, म्हणून खर्च मुलीकडचा. हळूहळू शूटिंगही त्यातच ढकलले गेले. मुलीच्या आईने बचत गटातून ४० हजार उचलले. ती दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करते. हप्ता दर महिन्याला तिच्या मजुरीतून जाईल, तिकडे जावई कोणाला व्हिडिओ दाखवत असेल. "आम्ही काही मागितलेच नाही", असे मुलाकडचे छातीठोक सांगतात. मागितले नाही, पण "शूटिंग चांगले झाले पाहिजे" एवढे म्हटले ना? हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. त्या कायद्यात हे बसते की नाही, ते वकिलांनी बघावे. आमच्या भाषेत मुलीच्या आईच्या कर्जातून मुलाकडची हौस भागते त्याला हुंडाच म्हणतात, मग तो रोख येवो की ड्रोनने येवो. २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक समाजाने पुरोहिताला बाजूला सारून, नाममात्र खर्चात पहिले लग्न लावले. भट गेला. त्याच्या रिकाम्या पाटावर आता इव्हेंटवाला येऊन बसला आहे, आणि त्याची दक्षिणा भटापेक्षा मोठी आहे.

तिसरा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त लागला. पडद्यावरची मुलगी गोरी होती. आम्ही तिला लहानपणापासून बघतो. ती सावळी आहे, बापासारखी काळी-सावळी, तजेलदार. फोटोवाल्याने न विचारता तिचा रंग उतरवून टाकला होता. तिची आजी पुढच्या रांगेत बसून विचारत होती, "हे कोण व्हय?" लोक हसले. आम्हाला मात्र त्या हसण्यात चटका बसला. स्वतःच्या साक्षगंधात स्वतःच्या आजीला ओळखू येऊ नये, यासाठी पैसे मोजायचे? फोटोवाला वाईट माणूस नव्हता. तोही आपल्याच वस्तीतला पोरगा, रात्र रात्र जागून एडिटिंग करणारा. 'सुंदर' म्हणजे काय, हे त्यालाही कोणीतरी असेच शिकवले आहे.

आता तयारीचे बोलू. टीका करून हात झटकणे आम्हाला मान्य नाही. शूटच्या आधी आमची मुले काय काय तयारी करतात? महिनाभर फेशियल, जिम, कपड्यांचे तीन जोड, पोझचे व्हिडिओ. या महिन्यातला एक दिवस आम्हाला द्या.

त्या दिवशी दोघे मिळून सरकारी दवाखान्यात जा आणि सिकलसेलची तपासणी करा. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. वाहक दिसायला ठणठणीत असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. बोटाच्या थेंबभर रक्ताची पहिली चाचणी, गरज पडली तर पुढची. पत्रिका आपण १४ ऑक्टोबर १९५६ लाच सोडली. तिच्या जागी रक्ताचा अहवाल यायला हवा होता, तिथे ड्रोनचे पॅकेज आले. अहवालात दोघेही वाहक निघाले म्हणून मुलीला नाकारू नका. डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि डोळे उघडे ठेवून दोघांनी ठरवा.

दवाखान्यातून परतताना चहाच्या टपरीवर बसा आणि एकमेकांना विचारा : तुझ्यावर कर्ज किती? माझी नोकरी लग्नानंतर चालू राहणार ना? माझ्या आईबापाला म्हातारपणी कोण बघणार? मूल कधी, किती? दारू? ज्या जोडप्याने हे बोलून घेतले, त्यांना कॅमेऱ्यापुढे 'जवळ या, हसा' असे सांगावे लागत नाही.

मग फोटो काढा, मनसोक्त काढा. खर्च निम्मा-निम्मा, स्वतःच्या कमाईतला. नसेल तर मित्राचा मोबाइल आणि सकाळचे कोवळे ऊन पुरे. जागा स्वतःची निवडा : जिथे दोघे स्पर्धा परीक्षेला बसत होता ती अभ्यासिका, बापाचे चहाचे दुकान, आईचे धानाचे वावर, पहिल्यांदा भेटला तो बसथांबा. लेणी आणि पुरातत्त्व खात्याची स्मारके निवडली तर आधी परवानगीचे नियम विचारून घ्या, आणि दीक्षाभूमीला पोझची पार्श्वभूमी करू नका. तिथे आपण वंदनेला जातो. एका फोटोत आई-वडील घ्या, एकात आजी. फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवा : रंगाला हात लावायचा नाही. आणि त्या पोराचे ठरलेले पैसे वेळेवर द्या, कारण तोही कष्टकरी आहे.

विहारांच्या समित्यांनाही आमचे एक सांगणे आहे. प्रबोधनाचे व्याख्यान १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ठेवून भागत नाही. मुले पॅकेजमधल्या तीन थीममधून निवडतात, कारण चौथे काही आपण त्यांच्यापुढे ठेवलेच नाही. साक्षगंधाची नोंद करायला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याशी तासभर बोला. तपासणीचे शिबिर विहारातच भरवा. आम्ही आमच्या वस्तीत हे सुरू करत आहोत.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. तो गप्प बसला. मग म्हणाला, "भाऊ, लग्नात तो व्हिडिओ नाही लावत. पण रक्त तपासायचे तिला कसे म्हणू?" आम्ही म्हटले, तिला एकटीला नको म्हणू. दोघे जा. आधी तू बाही वर कर.

जयभीम!