इंपोर्टेड पाना की आपला पाना?

सायकलचं नट सैल झालं किंवा स्विचबोर्डाचं झाकण लटकायला लागलं, की घरात एकच आरोळी उठते, "अरे, तो स्क्रू-ड्रायव्हर कुठाय?" मग तो कपाटामागे सापडतो. बाबा जोर लावतात आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच गुळगुळीत होऊन बसते. स्क्रू ना आत, ना बाहेर! शेजारचे काका म्हणतात, "इंपोर्टेड घ्यायचा होता." आजोबा म्हणतात, "इंपोर्टेडच आहे तो, म्हणून तर ही गत!"

आता यात खरं कोणाचं?

त्यासाठी आधी लोहाराकडे जाऊ. तो विळ्याला पाणी पाजताना कधी पाहिलंय? पोलादाचं पातं भट्टीत लालभडक करायचं आणि पाण्यात बुडवायचं. चर्रर्र! या एका क्षणात पोलाद अतिशय कठीण होतं. पण काचेसारखं ठिसूळही होतं. असा विळा दगडावर आपटला तर तुकडाच पडेल. म्हणून त्याला पुन्हा थोडी ऊब देतात. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर तेव्हा रंग उमटतात. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा. हवा तो रंग दिसला की थांबायचं. थोडा कठीणपणा गेला, पण चिवटपणा आला!

कारखान्यात पाना किंवा पक्कड बनते तीही याच रीतीने. फरक इतकाच, की तिथे लाल पोलादावर साच्याचे प्रचंड घण पडतात, बहुधा तेलात बुडवतात आणि रंगाऐवजी भट्टीचं तापमान मोजतात. पैसे वाचवायला कुणी पोलाद हलकं वापरलं किंवा हे 'पाणी पाजणं' घाईत उरकलं, तर वरून क्रोमचा आरशासारखा मुलामा दिला तरी आत मऊ लोखंडच राहतं. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पिळवटतं आणि पान्याचा जबडा फाकतो. हे सगळं नाशिकला होऊ शकतं, जर्मनीत होऊ शकतं आणि चीनमध्येही. चीनमध्ये तर उत्तम आणि अगदी टाकाऊ, दोन्ही प्रकारचा माल बनतो. कुठला मागवायचा, ते मागवणारा व्यापारी ठरवतो.

शिक्क्यावरून आठवलं, 'मेड इन जर्मनी' या शब्दांची गोष्ट मोठी गमतीची आहे. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथला आपल्याच देशाचा माल पाहून फ्रान्झ रोलो या जर्मन प्राध्यापकांनी तो स्वस्त आणि वाईट असल्याचं लिहून टाकलं! इंग्लंडमधल्या शेफील्ड गावचे चाकू आणि हत्यारं तेव्हा जगात नावाजलेली. त्यांची हलकी नक्कल जर्मनीतून यायची, तीही शेफील्डचं नाव ठोकून. शेवटी १८८७ साली ब्रिटनने कायदा केला, की परदेशी मालावर खोटं गाव चालणार नाही, देशाचं नाव घाला. म्हणजे 'मेड इन जर्मनी' हा मुळात सावधानतेचा इशारा होता. पण जर्मन कारखानदार मालच सुधारत गेले आणि काही दशकांत तोच शिक्का पाहून लोक जास्त पैसे मोजायला लागले.

आपल्याकडे काय? नाशिकच्या सातपूरला तापडिया टूल्सचा कारखाना आहे. या कंपनीने १९६९ साली स्वीडनच्या कंपनीचं तंत्र घेऊन हत्यारं बनवायला सुरुवात केली. म्हणजे बघा, 'देशी' पक्कडसुद्धा परदेशी शाळेत शिकून आलेली! पंजाबात जालंधर, लुधियाना आणि राजस्थानात नागौर ही तर हत्यारांचीच गावं. तिथला माल परदेशात जातो, कधीकधी तिथल्या कंपनीचं नाव लावून. तरीही २०२५ च्या नीती आयोगाच्या अहवालाप्रमाणे जगाच्या हातहत्यारांच्या व्यापारात आपला वाटा दोन टक्क्यांहून कमीच आहे. आपल्याकडे पोलाद महाग पडतं, हे त्याचं एक कारण.

माझं मत विचाराल, तर घरच्या कामाला चांगल्या देशी कंपनीची चार हत्यारं पुरेत. उत्तम जर्मन किंवा जपानी पक्कड हातात घेतली की फरक कळतो, नाही असं नाही; पण किंमत बघून बाबांचा चेहरा उतरेल. आणि फुटपाथवर मिळणारा तो 'चाळीस नगांचा इंपोर्टेड सेट'? त्याची पेटीच तेवढी टिकते.

कधीकधी हत्यार चांगलं असूनही घोटाळा होतो बरं का. अमेरिकेहून मामांनी पाठवलेला पान्यांचा सेट बऱ्याचदा इंचाच्या मापाचा असतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो आपल्या १३ च्या नटावर चढतच नाही. उलट आपला १३ चा पाना अर्ध्या इंची नटावर आरामात बसतो आणि जोर लावला की घसरून नटाचे कोपरे खातो. मग दोष पान्याला!

दुकानात गेलात तर पक्कड मिटून उजेडाकडे धरा. तार कापायच्या धारांमधून उजेड दिसायला नको. उघडमीट करताना जबडे डावी-उजवीकडे डुलायला नकोत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक काटकोनी, सपाट हवं. खरी परीक्षा कानस घासून होते. मऊ लोखंडात ती लगेच चावते, कठीण पोलादावरून घसरते. पण न विकत घेतलेल्या मालावर कानस चालवू देणारा दुकानदार मला तरी अजून भेटलेला नाही!

आणि एक. मुठीवर प्लॅस्टिक आहे म्हणून पक्कड शॉकपासून वाचवेल असं समजू नका. विजेच्या कामाच्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा असतो. तरीही मेन स्विच मोठ्या माणसांनी बंद केल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही.

येत्या रविवारी घरातली हत्यारपेटी उघडा. कशावर कुठलं नाव कोरलंय, कुणाचं टोक झिजलंय, कुणाचा जबडा फाकलाय, ते वहीत लिहा. फक्त कठीण कोण ते बघायला एका हातोडीवर दुसरी हातोडी मारू नका हं! पोलादाची कपची गोळीसारखी उडते आणि सरळ डोळ्यात जाते.