पाइप जातोय, पण पंखा जातोय का?



१ एप्रिल २०२५ ला रेडी रेकनरचे नवे दर लागू झाले आणि आमच्या दुकानात दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. राज्यात सगळ्यात जास्त वाढ कुठं? आमच्या सोलापूर महापालिका हद्दीत, १०.१७ टक्के. मुंबईत ३.३९ आणि पुण्यात ४.१६. झालं, लगेच फॉरवर्ड फिरायला लागले. सोलापूरनं मुंबईला मागं टाकलं, आता नाही घेतलं तर कधीच नाही, वगैरे वगैरे.

त्याच आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका भावाचा फोन आला. रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, चांगलं चाललंय. म्हणाला, "सर, सीसी लिमिटमध्ये आठ लाख शिल्लक आहेत. काढतो आणि प्लॉट बुक करतो. दोन वर्षांत डबल होतील म्हणतात."

मी विचारलं, "म्हणतात म्हणजे कोण म्हणतं?"

थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सगळेच."

आजचा लेख त्या "सगळेच"बद्दल आहे. आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल पण आहे, कारण २०२१ मध्ये मी पण "सगळेच"चं ऐकलं होतं.

टक्का मोठा म्हणजे भाव मोठा नव्हे

आधी रेडी रेकनर समजून घ्या. तो बाजारभाव नाही. खरेदीखतावर मुद्रांक शुल्क किमान किती किमतीवर घ्यायचं, यासाठी सरकार ठरवतं तो दर आहे. एप्रिल २०२२ मध्ये दर बदलले होते, त्यानंतरची दोन वर्षं ते तसेच ठेवले. म्हणजे २०२५ ची वाढ ही एका वर्षाची नाही, साठून आलेली आहे.

दुसरं म्हणजे, शंभर रुपयांवर १० टक्के म्हणजे दहा रुपये. हजारावर साडेतीन टक्के म्हणजे पस्तीस रुपये. आता कोण कुणाच्या पुढं गेलं सांगा बरं.

आणि रेडी रेकनर वाढला की घेणाऱ्याचा खर्च वाढतो. तुम्ही चाळीस लाखाला घर ठरवलं आणि सरकारी मूल्य त्रेचाळीस निघालं, तर शुल्क त्रेचाळीसवर बसतं. दोन्हींतला फरक १० टक्क्यांच्या पुढं गेला, तर इन्कम टॅक्सवाले घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही सरकारी मूल्यच धरून विचारतात. म्हणून बाजार थंड असलेल्या भागात ही वाढ म्हणजे आनंदाची बातमी नाही, ते ओझं आहे.

तीच गत "देशात घरं महागली" या बातमीची. रिझर्व्ह बँकेचा घरांच्या किमतीचा निर्देशांक कितीतरी वर्षं दहा शहरांवर चालायचा आणि त्यात महाराष्ट्रातलं एकटं मुंबई होतं. मुंबईत जागा संपलीय, जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतात. पुण्यात हिंजवडी आणि चाकणला कामाला येणारा माणूस दर महिन्याला नवीन घर शोधतो. आमच्याकडं काय आहे? आमची पोरं शिकतात आणि पुण्याला जातात. एकच बातमी या तिन्ही शहरांना कशी लागू होईल?

माझा पुण्याचा फ्लॅट

२०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात सवलत दिली. डिसेंबरपर्यंत जास्त, मग ३१ मार्च २०२१ पर्यंत थोडी कमी. लोक धावले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत १९ हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले, आणि जानेवारीत तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. आज मागं वळून बघितलं तर कळतं, की ती सगळी नवी मागणी नव्हती. पुढच्या सहा महिन्यांत घेणारे बरेच लोक आधीच येऊन गेले होते. सेलमध्ये दोन साड्या घेणारी बाई पुढच्या महिन्यात दुकानात येत नाही, तसं.

पण तेव्हा मला हे कळलं नाही. मी बीबीए केलंय, वर्किंग कॅपिटलवर तासभर बोलतो, आणि मार्च २०२१ मध्ये मीच दुकानाचे सहा लाख काढले. घरातले तीन घातले. छत्तीस लाखांचं कर्ज काढलं आणि पुण्याच्या एका उपनगरात पंचेचाळीस लाखांचा तयार फ्लॅट घेतला. राहायला नाही, "इन्व्हेस्टमेंट" म्हणून.

त्या वेळी गृहकर्ज ७ टक्क्यांच्या आसपास होतं, हप्ता साधारण २८ हजार. रेपो दर ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. माझा हप्ता ३३ हजारांवर. भाडं १४ हजार. फरक कोण भरणार? दुकानाचा गल्ला.

खरी मार वेगळ्याच ठिकाणी बसली. त्या वर्षीच्या दिवाळीला माझ्याकडं माल भरायला पैसे नव्हते. इलेक्ट्रिकलमध्ये रोखीनं माल उचलला तर दर वेगळा मिळतो, तो गेला. वायरचे दोन ब्रँड बंद केले. पंधरा वर्षं आमच्याकडून माल नेणारा एक मिस्त्री तीनदा रिकाम्या हातानं परत गेला. चौथ्यांदा आलाच नाही. अप्पा गल्ल्यावर बसलेले असायचे. काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक आपल्याला रिकामं समजतं."

२०२४ मध्ये फ्लॅट विकायला काढला. एजंट म्हणाला, "अठ्ठावन्न कुठं गेले नाहीत." सहा महिने गेले. अठ्ठावन्नचा माणूस काही आला नाही. शेवटी मी बसून त्याच इमारतीतल्या नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू काढले. सगळे पन्नास ते बावन्नच्या मध्ये! म्हणजे "भाव" अठ्ठावन्न होता आणि "विक्री" एक्कावन्न होती. मार्च २०२५ मध्ये साडेएक्कावन्नला दिला.

आता हिशोब मांडू. आपल्या व्हिडिओत मांडतो तसाच.

आले: किमतीतली वाढ ६ लाख ५० हजार, भाडं साधारण ६ लाख १५ हजार. एकूण १२ लाख ६५ हजार.

गेले: मुद्रांक आणि नोंदणी २ लाख १० हजार, कर्जाचं व्याज सुमारे ११ लाख ७५ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स ९५ हजार, एजंटची दलाली ५० हजार. एकूण १५ लाख ३० हजार.

तोटा २ लाख ६५ हजार. ज्याचा भाव "वाढला" त्या फ्लॅटमध्ये!

आणि यात दुकानाचं नुकसान धरलेलंच नाही. माझा माल वर्षात पाच वेळा फिरतो, एका फेऱ्याला ढोबळ १४ टक्के सुटतात. सहा लाख गुणिले पाच, त्याचे १४ टक्के, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. सगळं सुटलं असतं असं मी म्हणत नाही, गिऱ्हाईक पण लागतं. निम्मं धरा. चार वर्षांचं करा. मी आजही तो आकडा मोठ्यानं बोलत नाही.

माझ्या काउंटरवरचा निर्देशांक

या चुकीनंतर मी एक सवय लावून घेतली. माझं दुकान विजापूर रोडला आहे, आजूबाजूला बांधकामं चालू असतात. आमच्या धंद्यात इमारत तीन टप्प्यांत दिसते.

स्लॅब पडताना कंड्युट पाइप आणि फॅन बॉक्स जातात. फिनिशिंगला वायर आणि स्विच जातात. आणि माणूस राहायला आला की पंखा, गीझर, दारावरची बेल जाते.

पाइप बिल्डर घेतो. पंखा घरातली बाई येऊन पसंत करते. पाइप जातोय म्हणजे कुणीतरी बांधतंय, एवढंच. पंखा जातोय म्हणजे कुणीतरी राहतंय.

मी वहीत दोन रकाने केले, पाइप आणि पंखे. रेडी रेकनरची बातमी आली तेव्हा माझ्या वहीत मागच्या वर्षभरात पाइप चांगला वाढला होता, पंखे होते तिथंच होते. माझ्या भागापुरतं मला उत्तर मिळालं. इमारती वाढतायत, बिऱ्हाडं तितकी वाढत नाहीत. हे सगळ्या सोलापूरचं चित्र आहे असा माझा दावा नाही. पण माझं गिऱ्हाईक याच भागातलं आहे, त्यामुळं मला हेच बघायचंय.

तुमचं किराणा असेल तर महिन्याच्या नवीन याद्या किती वाढल्या ते बघा. दूध डेअरी असेल तर नवीन रतीब. शाळेच्या गणवेशाचं दुकान असेल तर जूनमधली नवीन तोंडं मोजा. घर विकलं गेलं हे रजिस्टर ऑफिसला कळतं. घर भरलं का, हे तुम्हाला आधी कळतं. ही ताकद तुमच्याकडं आहे आणि तुम्ही फॉरवर्ड वाचत बसता!

मग घ्यायचंच नाही का?

असं मी म्हणत नाही. राहायला घर हवं असेल तर घ्या. त्याला हा हिशोब लावू नका. आईला स्वतःच्या घरात दिवा लावायचाय, त्याचा परतावा कुठल्या टक्क्यात मोजणार? भाड्याचा गाळा स्वतःचा करता येत असेल आणि धंदा तिथंच राहणार असेल, तर तोही विचार चांगला आहे. आणि हो, त्याच काळात पुण्यात घेऊन चांगले पैसे कमावलेले माझे दोन मित्र आहेत. पण एकाची जागा नोकऱ्यांच्या जवळ होती, आणि दोघांनीही दुकानाच्या मालाला हात लावला नव्हता.

गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर एवढं करा.

१. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, मोफत आहे. त्या इमारतीतले, त्या गटातले गेल्या वर्षभराचे इंडेक्स टू काढा. एजंट सांगतो तो भाव. कागदावर आहे ती विक्री. विक्रीवर विश्वास ठेवा.

२. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या साइटवर प्रकल्प उघडा. किती घरं बुक झाली, पूर्ण करायची तारीख काय, ती आधी किती वेळा पुढं ढकलली, सगळं तिथं दिसतं.

३. वर्षाचं भाडं भागिले किंमत करा. माझ्या फ्लॅटचं ३.७ टक्के येत होतं आणि कर्ज ७ नं सुरू झालं होतं. उरलेलं भाववाढीनं भरून निघेल, ही माझी आशा होती. आशेला हिशोबात रकाना नसतो.

४. रात्री आठ वाजता तिथं जा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. याला पैसे लागत नाहीत.

५. "विमानतळ येतोय, रस्ता येतोय" ऐकलं की विचारा, कधी? नवी मुंबई विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. साडेसात वर्षं. तेवढे हप्ते तुमचं दुकान ओढेल का?

६. फिरता पैसा म्हणजे माल, उधारी आणि सीसी, याला हात लावायचा नाही. सीसी बँकेनं माल भरायला दिलेली असते. प्लॉट अडकला तर तो दोन दिवसांत विकून तुम्ही दिवाळीचा माल भरू शकत नाही. घरात घालायचा तर दुकानातून काढून बाजूला ठेवलेला नफा घाला.

त्या कपड्यांच्या दुकानवाल्या भावाला मी हेच सांगितलं. नाराज झाला. म्हणाला, "सर, तुम्ही भीती घालता." मी त्याला फक्त दोन कामं दिली, इंडेक्स टू काढ आणि रात्री खिडक्या मोज. आठ दिवसांनी त्याचा मेसेज आला. त्या लेआउटमध्ये वर्षभरात तीनच व्यवहार नोंदलेले होते. आणि खिडक्यांचं विचारलं तर म्हणाला, "सर, खिडक्या मोजायला घरं तर पाहिजेत!"

त्या आठ लाखांतले पाच त्यानं लग्नसराईच्या मालाला लावले. तीन तसेच ठेवलेत. प्लॉटचा भाव उद्या वाढेलही, मी ज्योतिषी नाही. पण दुकान त्याचं भरलेलं आहे, आणि त्याच्या घराचा हप्ता तेच दुकान भरतंय.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातला "पाइप" कुठला आणि "पंखा" कुठला ते शोधा. वहीत दोन रकाने करा आणि तीन महिने लिहा. पुढच्या व्हिडिओत माझी वही उघडून दाखवतो.

भेटू मग. गल्ला सांभाळा.