शोधायचे पैसे कोण देणार?

बोटीचं इंजिन गरम होतंय म्हटलं, की बंदरावर दहा जण दहा पार्टांची नावं घेतात. कुणी म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेकून दे, कुणी म्हणतो पंप बदल, आणि एखादा तर थेट हेड उघडायलाच निघतो. माझं मत विचाराल तर पार्ट बदलणं आणि दोष शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण पैसे फक्त पहिल्याचे देतो.

ज्यांनी बोटीचं इंजिन कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडीच्या रेडिएटरला वारा लागतो. बोटीच्या पोटात बसवलेल्या इंजिनला वारा कुठला मिळायला? म्हणून बऱ्याच जुन्या डिझेल बोटींत हे काम समुद्र करतो. तळाच्या व्हॉल्व्हमधून खारं पाणी आत येतं, गाळणीतून रबरी पात्यांच्या इंपेलर पंपात जातं, तिथून हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत आणि मग बाहेर. इंजिनचं स्वतःचं कूलंट त्या नळ्यांच्या बाहेरून फिरतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते.

म्हणजे शोधायचा क्रमही पाण्यानेच आखून दिलाय. इंजिन चालू असताना बोटीच्या बाहेर पाणी नेहमीइतकं पडतंय का? कमी पडत असेल तर व्हॉल्व्ह, गाळणी आणि इंपेलर, याच क्रमाने बघा. पाणी भरपूर पडतंय आणि तरी काटा वर चाललाय? मग एक्स्चेंजरच्या नळ्यांत क्षार धरले असतील, किंवा दोष कूलंटच्या बाजूला असेल: पातळी, बेल्ट, फिरवणारा पंप, थर्मोस्टॅट. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. (टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफेने हात भाजेल.) कधीकधी कूलिंग सिस्टिम अगदी ठणठणीत असते, पंख्यात जाळं अडकलेलं असतं आणि इंजिन नुसतं ओझ्याने तापत असतं! आणि या सगळ्याच्या आधी, तो काटा तरी खरं बोलतोय का, हे दुसऱ्या थर्मामीटरने तपासावं.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. दोन महिने इंपेलरची पाती एकाच बाजूला वाकून पडतात, रबर कडक होतं. ऑगस्टमध्ये इंजिन चालू केलं की एखादं पातं तुटतं. माझ्या आतेभावाच्या जुन्या बोटीत हेच झालं. मेकॅनिकने नवीन इंपेलर बसवला, तरी इंजिन गरम. मग थर्मोस्टॅट बदलला, मग कूलंटचा पंप. हेड उघडायची भाषा सुरू झाल्यावर दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी जुना इंपेलर मागितला आणि पाती मोजली. दोन कमी होती. ती गेली कुठे? एक्स्चेंजरच्या तोंडाशी नळ्या अडवून बसली होती. तुकडे काढले, नळ्या साफ केल्या, काम झालं. नवीन पार्ट शून्य.

आता गंमत बघा. आधीच्या बिलावर भाऊ फारसं बोलला नाही, कारण तीन पार्ट डोळ्यांना दिसत होते. मिस्त्रींच्या मजुरीवर मात्र घासाघीस झाली. "बदललं काय तुम्ही?" हा त्याचा प्रश्न.

आम्ही आयटीवाले तीन दिवस लॉग चाळतो आणि शेवटी एक ओळ बदलतो. त्या तीन दिवसांचा पगार कापायचं कुणाच्या मनातही येत नाही. शोधण्यालाच किंमत आहे हे आमच्या धंद्यात सगळ्यांना मान्य आहे. मग बंदरावरच्या माणसाने तेच केलं तर ते फुकट कसं? पैसे फक्त पार्टांचे मिळणार असतील तर तो पार्टच बदलणार. त्याला एकट्याला दोष देऊन चालणार नाही.

सीझनच्या तोंडावर एवढा वेळ कुणाला आहे, असं कुणी म्हणेल. मान्य. ऑगस्टात बंदरात उभ्या बोटीचा एकेक दिवस महाग असतो. पण अंदाजाने बदललेल्या पार्टाची खरी परीक्षा भर समुद्रात होते. तिथे इंजिन बंद पडलं तर बोट वारा आणि लाटा नेतील तिकडे जाते, आणि त्यात तांडेल आणि खलाशी बसलेले असतात.

माझी सूचना साधी आहे. मेकॅनिकशी ठरवतानाच शोधायची मजुरी वेगळी ठरवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा, आणि काढलेला पार्ट परत मागा. तो नुसता फेकू नका, का गेला ते विचारा. पाती मोजायला पाच मिनिटंही लागत नाहीत.